शाडूतला पंजा

ओल्या शाडूचा वास आला की मला पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यामागचं अंगण आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आई तिथे साच्यांच्या कामाला होती. एका सकाळी अंगणात पसरलेल्या ओल्या मातीत मला पावलं उमटलेली दिसली. "कुत्रा हाय गो, लिंपून टाक," कारखानदार आईला म्हणाले. गणपती तोंडावर आले होते आणि घाबरून बाया घरी बसल्या असत्या तर काम अडलं असतं. पण अंगणाच्या कडेलाच त्या बायांची तान्ही पोरं झोळीत निजायची. आई म्हणाली, "कुत्र्याची नखं उमटतात. हितं एक तरी नख दिसतंय का?" आणि साचा भरावा तसं तिने त्या पावलात प्लास्टर ओतलं. घट्ट झालेला ठसा पदरात गुंडाळून ती थेट फॉरेस्टच्या ऑफिसात गेली. साहेबांनी तो हातात घेतला नि लगेच उठून उभे राहिले. "बाई, हा बिबट्या. पोरं आत घ्या." त्याच दुपारी सगळ्या झोळ्या कारखान्याच्या आत टांगल्या गेल्या. तो ठसा आज माझ्या कपाटात आहे. पाहुणे बिबट्याचा पंजा निरखत बसतात. मी ठसा उलटा करून त्यांना मागे उमटलेला आईचा अंगठा दाखवते.