सावलीचं ताट

अनंता जेवायला बसायच्या आधी आणखी एक ताट वाढतो. वाडग्यात गरम भात, त्यावर झाकण. शेजारी कालवणाची वाटी आणि पाण्याचा पेला. ते ताट तो खाडीकडच्या खिडकीखाली ठेवतो. तिथे भिंतीवर त्याच्या एकुलत्या एका मुलाचा, मितेशचा, फोटो आहे. मग घटकाभर थांबून वाडग्यावरचं झाकण उचलतो, उलटं करून आतून बघतो आणि मगच आपल्या ताटावर बसतो. घरात तिसरं माणूस नाही. खरं म्हणजे दुसरंही नाही.

आता फोटोपुढे ताट कुणाचं वाढतात, हे रेवदंड्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि मितेश तर चांगला धडधाकट, न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. मग कोळीवाड्यात कुजबुज होणार नाही तर काय होणार?

त्यात अनंताचा जुना पराक्रम सगळ्यांच्या डोळ्यांदेखतचा. बायको जाऊन वर्ष झालं होतं. मितेश म्हणाला, "बाबा, मी होडीवर येनार न्हाय. ट्रेलरचं काम मिलतंय मला." अनंताचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यानं पाण्याचा हंडा उचलून अंगणात आणला आणि कपड्यांनिशी डोक्यावर उपडा केला. "तुझ्या नावानं आंघोल केली मी! मेलास तू मला!" असं ओरडला. शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहिले. मितेशनं पिशवी घेतली नि त्याच पावली गेला.

ओले कपडे संध्याकाळपर्यंत वाळले. शब्द काही वाळला नाही. तीन वर्षं झाली, ना पोराचा फोन, ना बापाचा. अनंता फोन हातात घ्यायचा, पण पहिला शब्द कुठला बोलायचा इथेच गाडी अडायची. चुकलो म्हणणं त्याच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. त्यालाच कसं जमावं? एकट्यानं होडी चालेना, म्हणून तीही विकली. आता तो दुसऱ्यांची जाळी शिवतो, एकटाच शिजवतो, एकटाच जेवतो. एखाद्या दिवशी तर संध्याकाळ होते तरी तोंडातून शब्द निघालेला नसतो, आणि मग खोकला आला की आपल्याच आवाजाला दचकतो.

हे ताट त्यानं जपानातून आणलं. म्हणजे ताट नव्हे, रीत. तरुणपणी तो मालवाहू बोटीवर खलाशी होता. एकदा बोट दुरुस्तीला जपानातल्या एका लहानशा बंदरात लागली आणि तिथेच याचा पाय मोडला. पाय बरा होईपर्यंत त्याला एका म्हातारीच्या घरी ठेवलं. फुमी तिचं नाव. हा तिला आजी म्हणायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि त्यावाचून दोघांचं काही अडलंही नाही. आजी रोज सकाळी खिडकीशी एक बुटका चौरंग मांडायची. त्यावर झाकणाच्या वाडग्यात भात, झाकणाच्याच दुसऱ्या वाडग्यात कढण, मासा, जेवायच्या काड्या. समोर एका तरुणाचा फोटो. अनंताला वाटलं, बिचारीचा मुलगा गेलेला दिसतो. एके दिवशी त्यानं लंगडत जाऊन फोटोपुढे हात जोडले, डोळे मिटले.

आजी अशी काही भडकली! त्याचे जोडलेले हात तिनं फटका मारून सोडवले. मग वाडग्याचं झाकण उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. आतून बारीक थेंब धरले होते. ते दाखवून तिनं समुद्राकडे बोट केलं आणि हसली. शेजारच्या मास्तरांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत उलगडा केला: मुलगा लांब मासेमारीला गेला आहे. दूर गेलेल्या माणसाचं ताट घरात वाढायचं, म्हणजे तो उपाशी राहत नाही. झाकणाला थेंब धरले की तो सुखरूप. कागेझेन म्हणतात त्याला, सावलीचं ताट. तो घरी येऊन जेवला की ते बंद करायचं.

अनंता निघाला त्या दिवशी आजीनं त्याच्याकडे बोट केलं आणि चौरंगाकडे केलं. तू घरी पोचेस्तोवर तुझंही वाढीन. त्या परतीच्या प्रवासात जेवणाच्या वेळेला अनंताला कधी परकं वाटलं नाही.

गरम भातावर झाकण ठेवलं की थेंब धरणारच. चूल पेटवणाऱ्या कुणालाही हे कळतं. आजीला कळत होतं, अनंतालाही कळतं. म्हणून तर तो भात चुलीवरून उतरल्या उतरल्या वाढतो.

शेजारची तुळशी, त्याच्या चुलतभावाची, सदाची बायको. ती एकदा तावातावानं आली. "भावजी, जित्या पोराचं पान कोन वाढतं का? गाव काय बोलतंय, ठावं हाय?"

"जपानात जित्याचंच वाढतात," अनंता म्हणाला.

"ह्यो काय जपान हाय?"

गाव जे बोलत होतं ते न्हावा शेव्यापर्यंत पोचेल ही भीती त्यालाही होती. पण ताट बंद करायचं तर पोराशी उरलेला एवढाच धागा आपल्याच हातानं तोडायचा, आणि ते त्याच्यानं होईना.

परवा दुपारी त्यानं ताट वाढलं, झाकण ठेवलं आणि तेवढ्यात सदानं बंदरावरून हाक मारली. जाळं फाटलं होतं, भरतीला होडी काढायची होती. अनंता जेवण तसंच टाकून गेला. शिवून परत आला तर तुळशी त्याच्याच पायरीवर बसलेली.

"भावजी, मितेश आलता."

अनंताला आधी ऐकू आलं ते खरं वाटेना. "कंदी?"

"आताच गेला, मोटरसायकलवर. दारातच थबकला. ताट बघितलान, फोटू बघितलान. म्हनला, काकी, लोकं सांगत व्हती ते खरं हाय तर. बाप माझं पान वाढतो."

"मंग? तू काय सांगितलंस?"

"काय सांगनार? तुमचं जपानचं पुरान मला तरी कुटं धड कलतंय? म्हनलं, ते मेल्याचं न्हाय, जित्याचं असतं म्हनतो तुझा बा. पटत नसंल तर झाकन उचलून बघ."

"उचललान?"

"उचललान. लई वेल हातात धरून बसला. मंग जेवला."

"जेवला?"

"सगला भात. ताटबी धुवून ठेवलान. म्हनलं, थांब रं, बाप बंदरावर हाय, हाक मारते. तर नको म्हनला."

बंदर हाकेच्या अंतरावर. अनंता तिथे रस्त्याकडे पाठ करून बसला होता.

"आनि जाताना म्हनला," तुळशी उठता उठता बोलली, "बाबाला सांग, कालवनात मीठ लई झालंय."

तो आत गेला. ताट धुऊन पालथं घातलं होतं, मितेशला लहानपणी त्याच्या आईनं शिकवलं होतं तसं. खाली थोडं पाणी साचलं होतं. अनंतानं टोपातल्या कालवणात बोट बुडवून चाटलं. खारट झालं होतं, अगदी तोंडात धरवेना इतकं. तो रोज तेच जेवत होता. तीन वर्षांत त्याला सांगणारं कुणी नव्हतं. तो तिथेच चुलीपाशी बसून रडला, बायको गेली तेव्हा रडला नव्हता तेवढा.

रात्री त्याला आजीचा नियम आठवला. माणूस येऊन जेवला की ताट बंद करायचं. पण जेवून गेला म्हणजे घरी आला, असं म्हणायचं का? हे विचारायला आजी कुठली आता.

दुसऱ्या दिवशी त्यानं कालवणात मीठ बेतानं घातलं, दोनदा चाखून बघितलं आणि दोन्ही ताटं वाढली. सदानं बंदरावरून हाक मारली. अनंता उठून दारापर्यंत आला, पण उंबऱ्याबाहेर पडला नाही.

"आज न्हाय," तो ओरडला. "घरात मानूस लागतं."