कोरडी चाकं

एकोणीस वर्षं एका छपराखाली राहूनही माणसाला आपल्या बायकोबद्दल काय माहीत नसू शकतं, हे मिस्तरींना एका मंगळवारी दुपारी कळलं. तो धक्का त्यांना अजून पचलेला नाही. हातात पाना घेऊन ते मधेच थांबतात, समोर बघत राहतात, आणि स्वतःशीच म्हणतात, "कमाल आहे!"

मिस्तरींचं दुकान जंगलाच्या तोंडाशी होतं, सायकली भाड्याने द्यायचं. पुढे एक लांबट खोली, मागे पत्र्याची शेड, मधे फरशीचं अंगण. शेडमध्ये मिस्तरी आणि पुढच्या खोलीत टेबलामागे त्यांची बायको. तिला सगळेच वहिनी म्हणत. सुट्टीवर आलेली माणसं दोन मिनिटांत नातं जोडतात.

कामाची वाटणी पक्की होती. सायकल मिस्तरींची, वाट वहिनींची. जंगलात सायकलीच्या चार वाटा होत्या. हिरवी सगळ्यात सोपी, मग निळी, मग लाल, आणि काळीवर जायला थोडं वेडंच असावं लागायचं. कोणी कुठून जायचं ते वहिनी ठरवत. पहिल्या वर्षी हे काम मिस्तरींकडेच होतं. पण ज्या माणसाला कुठलीच वाट अवघड वाटत नाही त्याला विचारून काय उपयोग? "सोपी आहे हो, डोळे मिटून जा," असं सांगून त्यांनी एका गुबगुबीत बँकवाल्याला लाल वाटेवर पाठवलं, आणि तो गळ्याजवळचं हाड मोडून स्ट्रेचरवरून परत आला. त्याच संध्याकाळी वहिनींनी नकाशांचा गठ्ठा उचलून आपल्या टेबलावर नेला, तो नेलाच.

वहिनींची रीत वेगळी होती. गिऱ्हाइकाला आधी अंगणात एक फेरी मारायला लावायची. वळताना पाय टेकतो का, ब्रेक किती बोटांनी दाबतो, बायको मागे राहिली तर थांबतो की नाही, हे खिडकीतून बघायचं. मग नकाशावर पेन्सिलीने वाट आखायची आणि तोंडाने बजावायचं, "दुसऱ्या पुलानंतर डावीकडे मुळं आहेत, सीटवरून उठा." "उतारावर सुटी खडी आहे, पुढच्या ब्रेकला हात लावू नका." लोक परत येऊन म्हणत, "वहिनी, अगदी तुम्ही सांगितलं तसंच!" वनरक्षक तर उघड म्हणायचा, "जंगल ताब्यात आमच्या, पण ओळखीचं वहिनींच्या." हे ऐकलं की मिस्तरींची छाती उगीचच फुगायची.

संध्याकाळी परत आलेली प्रत्येक सायकल वहिनी स्वतः धुवायच्या. कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. थंडीच्या दिवसांत त्यांच्या बोटांना भेगा पडत, त्यातून रक्त यायचं, तरी ब्रश सुटायचा नाही. मिस्तरींना ते बघवत नसे. पण गोड बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. बोलायचं झालं तर ते पान्याशी बोलायचे, आणि तेही पाना हरवल्यावर. म्हणून यंदा त्यांनी गुपचूप एक काम केलं. वाटा जिथे संपतात त्या फाटकापाशी वनरक्षकाची पाण्याची टाकी होती. तिला एक लांब पाइप जोडला, शेजारी ब्रश टांगला आणि पाटी लावली: 'कृपया सायकल धुऊन आणावी.' फाटकापासून दुकान तीनशे पावलांवर. तेवढ्या मातीच्या रस्त्यावर चाकं वाळत आणि त्यांच्यावर कोरडी धूळ बसे.

वहिनींना आपणहून कळेल, मग त्या काहीतरी म्हणतील, असा मिस्तरींचा हिशेब. आठ दिवस गेले. वहिनी सायकली बघायच्या, चाकावर बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "यंदा वाटा छान कोरड्या आहेत, नाही?" मिस्तरी मनात हसायचे. पाचव्या दिवसापासून थोडे रुसलेही.

त्या मंगळवारी सकाळी दोन बहिणी आल्या. मोठी शिवणकाम करायची. चार वर्षांत पहिल्यांदा एका दिवसाची सुट्टी घेतली होती. आल्या आल्याच तिने सांगून टाकलं, "बाई, माझं हातावर पोट आहे. हाताला लागेल असं काही नको. पण झाडं दाखवा. डांबरी रस्ता मी रोजच बघते."

अंगणातल्या फेरीत शिंपीणबाई बेताची निघाली. वळताना पाय टेकत होती. वहिनींनी पेन्सिल हिरव्या वाटेवर ठेवली, पण हिरवी वाट अर्धी डांबरी रस्त्याच्या कडेनेच होती. त्या घुटमळल्या. उठून रांगेतल्या सायकलींपाशी गेल्या, दोनतीन चाकांवरून बोट फिरवलं आणि परत आल्या.

"निळीने जा," त्या म्हणाल्या. "ओल असती तर पाठवलं नसतं. ओढ्यापाशी एक वळण आहे तेवढं हळू घ्या. बाकी वाट खडखडीत कोरडी आहे."

मिस्तरींनी शेडमधून मान डोलावली. निळीचं काय एवढं, ते मनात म्हणाले, आणि सीट खाली करून दिली.

जेवायच्या वेळेला धाकटी बहीण एकटीच परत आली. सायकल टाकली ती अंगणातच पडली. "ताई पडली," ती धापा टाकत म्हणाली. "ओढ्याच्या वळणावर. वनरक्षकाच्या गाडीतून दवाखान्यात नेलंय. हात... तिचा उजवा हात असा वाकडाच झालाय हो."

"पडली कशी?" वहिनींनी विचारलं.

"घसरली. सगळा चिखल आहे तिथे. ओढ्यात पानं अडकून पाणी वाटेवर आलंय, वनरक्षक म्हणाले आठवडाभर तसंच आहे."

"चिखल?" वहिनी उभ्याच्या उभ्या पांढऱ्याफटक पडल्या. "शक्यच नाही. सकाळी बघितली तेव्हाही चाकं कोरडी होती."

त्यांनी रांगेतली एक सायकल ओढली आणि उलटी केली. पेडलच्या मागे, फ्रेमच्या सांध्यात, जिथे पाण्याची धार पोचत नाही तिथे बोट घातलं. बोटाला पांढरी चिकणमाती आली. दुसरी सायकल उलटी केली. तिलाही तेच. वहिनी त्या बोटाकडे बघत राहिल्या.

"ह्या कोणी धुतल्या?"

मिस्तरी पुढे आले. आठ दिवस ज्या प्रश्नाची वाट बघितली तो असा आला. "मी फाटकापाशी पाइप लावलाय. लोकच धुऊन आणतात. तुझे हात..."

"माझे हात?" वहिनींचा आवाज चिरकला. "अहो, मला चिखल हवा होता! मला त्यावरूनच तर कळायचं. पांढरी माती म्हणजे ओढ्याचं वळण वाहतंय. लाल खडीचे ओरखडे म्हणजे उतार सुटलाय. डावं पेडल खरचटलं की मुळं उघडी पडली. माणसं सगळीच 'मस्त, मस्त' म्हणतात. तोंड खोटं बोलतं, चाक नाही बोलत."

"अगं, पण एवढं चाकावरून कशाला बघायचं? तू स्वतः जातेस ना तिथे..."

"मी कधी गेले?"

मिस्तरींनी हातातला पाना खाली ठेवला.

"मी एकदाही गेलेली नाही," वहिनी म्हणाल्या. "मला सायकल येत नाही."

अंगणात पडलेल्या सायकलीचं चाक अजून हळूहळू फिरत होतं. मिस्तरींच्या पायाखालची फरशी सरकल्यासारखी झाली. सायकल येत नाही? सायकलीच्या दुकानात? त्यांना झरझर आठवायला लागलं. वहिनी सायकल नेहमी सीटला धरून ढकलत न्यायच्या. सोमवारी दुकान बंद असायचं तेव्हा ते एकटेच जंगलात जायचे. त्यांना वाटायचं, दिवसभर सायकली बघून हिला कंटाळा येत असेल. हजारो लोकांना त्यांनी "येते का चालवता?" विचारलं होतं. घरात एकदाही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"मला का नाही सांगितलंस?"

"सुरुवातीला लाज वाटली. मग लोक 'वहिनींना सगळं माहीत' म्हणायला लागले. मग कुठल्या तोंडाने सांगणार? आणि कधी चुकले का मी? एकोणीस वर्षांत एकदा तरी?" एवढं बोलून त्या थांबल्या, कारण उत्तर अंगणात आडवं पडलं होतं.

दवाखान्यात शिंपीणबाई खाटेवर बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. तीन महिने कात्री धरायची नाही, आणि नंतर पहिल्यासारखी पकड येईल की नाही ते डॉक्टर सांगायला तयार नव्हते. मिस्तरी दाराशीच घुटमळले. त्यांना वाटलं वहिनी आता पाइपचं सांगतील, दोष आपल्यावर येईल, आणि येऊ दे, आपलाच आहे. वहिनींनी पाइपचं नाव काढलं नाही.

"बाई," त्या म्हणाल्या, "ती वाट मी कधी बघितलेली नाही. नकाशा आणि परत आलेल्या सायकली बघून मी अंदाज सांगते. आजवर बरोबर यायचा."

शिंपीणबाईचे डोळे मोठे झाले. तिने प्लास्टरवरून डावा हात फिरवला. ओरडली असती तर मिस्तरींना बरं वाटलं असतं.

"नजरेने माप मीही सांगते," ती शेवटी म्हणाली. "दारातून माणूस आत आला की सांगते. तेही चुकत नाही. पण टेप लावल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, बाई."

वहिनींनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ऐन सुट्टीच्या गर्दीत दुकान बंद होतं. सकाळीच वहिनी पायात जाड बूट घालून निळ्या वाटेला लागल्या, चालत. मिस्तरी मागोमाग. वहिनी प्रत्येक गोष्ट दिसण्याआधीच सांगत होत्या. "आता पूल. आता डावीकडे मुळं." आणि पूल येत होता, मुळं येत होती, सगळं बिनचूक. मिस्तरींच्या अंगावर काटा आला. वहिनींची पावलं मात्र भरभर पडायला लागली. आपण म्हणतो तसंच आहे की सगळं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं होतं.

मग ओढ्याचं वळण आलं आणि वहिनी जागच्या जागी थिजल्या.

वाट जेमतेम हातभर रुंद. तिच्यावर पांढरा चिखल, त्यात सायकल घसरल्याची लांब रेघ. आणि वाटेच्या बाहेरच्या अंगाला काहीच नाही. सरळ खाली, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्यावर ओढ्याचे दगड.

"अहो, हे एवढं खोल आहे?" वहिनी एक पाऊल मागे सरल्या. "खोलीचं कुठल्याच चाकाला काही लागत नाही हो. तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

मिस्तरींनी खाली वाकून बघितलं. शेकडो वेळा ते इथून गेले होते, एका हाताने हँडल धरून, शीळ घालत. चालत आज पहिल्यांदाच आले होते.

"मला कधी खोल वाटलंच नाही," ते म्हणाले.

वहिनी त्या चिखलातच मटकन खाली बसल्या. "मी इथे पोरंबाळं पाठवली," त्या म्हणाल्या. "'तेवढं हळू घ्या' म्हणून पाठवली."