सालेकसा ते कचारगड: शकुनच्या मागे धावताना

सालेकसाला मी कचारगडच्या गुहा बघायला गेले नव्हते. शकुनला बघायला गेले होते. खरं सांगायचं तर तिचंही कुठे काही बिनसलेलं सापडतं का, ते बघायला.

शकुन माझी वसतिगृहातली मैत्रीण, आता सालेकसाच्या शाळेत शिकवते. २०११ साली चार महिन्यांच्या अंतराने आम्हा दोघींचे नवरे गेले. तिने धावायला सुरुवात केली आणि फोनवर म्हणाली, "आता बरं वाटते गं. तूही धाव." मी दोन वर्षं धावले. महागडे बूट घेतले. पण नागपुरातली सकाळची फेरी संपवून घराचं कुलूप उघडताना छातीत तेच भरून यायचं. दुःख दोघींचं सारखं, मग तीच कशी सावरली? हे मला सहन होईना. मार्चअखेरीस दोन दिवसांची रजा टाकली.

नागपूरहून गोंदिया रेल्वेने दोन-सव्वादोन तास. तिथे उतरलं की कानावर हिंदीच. फलाटावरचा समोसेवाला म्हणाला, "दीदी, सालेकसावाली पॅसेंजर का भरोसा नहीं, दो और ले लो." घेऊन ठेवा, पुढे उपयोगी पडतात. गाडी पाऊण तास उशिरा आली. खिडकीतून आधी कापणी झालेली धानाची शेतं दिसतात, मग हळूहळू डोंगर जवळ येतात.

शकुन स्टेशनवर उभी होती. उन्हाने रापलेली, हसरी. "किती वाळली तू! काऊन, नागपुरात जेवून नाही राहिली का?" संध्याकाळी भात, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी होती. तिने दोनदा भात घेतला. मला तेही खुपलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो. कचारगडचा पायथा दहा-बारा किलोमीटरवर. वाटेत दुकानाच्या भरवशावर राहू नका, पाणी जवळ ठेवा आणि ऊन चढायच्या आत पोचा. शकुन साध्या कॅनव्हासच्या बुटांत पुढे धावत होती, वर गुणगुणतही होती. ते गुणगुणणं मला ऐकवेना. आज हिला मागे टाकायचंच, म्हणजे माझंही काही जमलं असं होईल, एवढंच डोक्यात होतं. रस्ता वळला तिथे मी तो सोडून झाडांमधून आडवी घुसले.

"ओ बाई! कायले तुडवून राहिली? दिसत नाही का?"

मी थबकले. मोहाच्या झाडाखालची जमीन, गळलेली फुलं वेचता यावीत म्हणून, पालापाचोळा जाळून, झाडून काळी केलेली होती आणि तिच्यावर रात्रभरात पडलेली पिवळसर फुलं होती. माझ्या बुटांनी त्यांचा चिखल केला होता. टोपली घेतलेली म्हातारी उठून उभी राहिली. मी पैसे देऊ का विचारलं.

"पैशानं फूल उठते का? बस खाली. वेच."

मी वेचायला बसले. रस्त्याने येणारी शकुन आम्हाला बघून थांबली आणि खाली मान घालून हसू लागली.

"हसू नको," म्हातारी तिला म्हणाली. "तू बी असीच तुडवून गेली होती." मग माझ्याकडे वळली. "मंग रोज सकाळी येई हे. वेचे अन् रडे, वेचे अन् रडे. मी म्हणो, फुलं भिजवू नको, वाळवा लागतात."

"सुकवारोबाई, तुमचं तोंड!" शकुन लाजून म्हणाली.

"हे मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"फोनवर काय सांगू? तू म्हणे, मी रोज आठ किलोमीटर धावते. मी तर पुष्कळ दिवस या झाडापुढे गेलीच नाही."

हे ऐकून माझा मत्सर गेला असेल असं वाटत असेल, तर तसं झालं नाही. तो फक्त दुसरीकडे वळला. हिला बसायला झाड होतं, खडसावणारी सुकवारोबाई होती. मी दोन वर्षं न थांबता धावत होते, कारण थांबले तर कोण होतं?

टोपली भरेपर्यंत ऊन चढलं. गुहा राहिल्या. तुम्ही मात्र जरूर बघा, आणि झाडाखाली झाडलेली काळी जमीन दिसली तर वळसा घाला.

नागपुरात परतून आता तीन आठवडे झाले. गेल्या मंगळवारी दुसऱ्याच किलोमीटरला माझे पाय थांबले. मी फुटपाथवर बसून रडले, येणारे-जाणारे बघत होते तरी. मग शकुनला फोन लावला आणि पहिल्यांदाच खरं ते सांगितलं, की धावून मला कधी बरं वाटलंच नाही.

"मंग? आता उठून राहिली का बसूनच आहे?"

"बसूनच आहे."

"बस मग. मी फोनवर आहे," ती म्हणाली.