पाऊण तासाचं नागपूर

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर सांडेल. माझ्या शहाणपणाचा किस्सा आहे!

नागपूरला भाचीचं लग्न, गोरज मुहूर्तावर. मी एकुलता एक सख्खा मामा, म्हणजे मुलीला बोहल्यापर्यंत न्यायचा मान माझा. भाचीने फोनवर बजावलंही होतं, "मामा, तुम्हीच न्यायचं हं मला. उशीर नको."

आता जबलपूरहून नागपूरला जायचं म्हणजे गाडी काढायची, सिवनीत चहा प्यायचा आणि पोचायचं. जबलपुरातच रांझीला राहणारा माझा चुलत भाऊ बंडू तेच करणार होता.

"दादा, पहाटेच निघून राहिलो. चला सोबत."

मी कशाला ऐकतो? मोबाइलवर शोधलं होतं ना: जबलपूर ते नागपूर, विमानाचा वेळ जेमतेम पाऊण तास! आमच्या अर्ध्या राइट टाउन मोहल्ल्याला दाखवून झालं होतं. "बंडू, तू सिवनीत चहा पिशील, तोवर मी नागपुरात फेटा बांधून बसलेला असेन!"

बायको मात्र बंडूच्या गाडीत बसली. "मला लग्न पाहायचं आहे," म्हणाली. टोमणा तेव्हा कळला नाही.

तिकीट मुलीने काढलं. "पप्पा, ये दिल्ली होके जाती है."

"जाऊ दे की! रस्त्यात एखादं स्टेशन लागणारच."

"पप्पा, नागपूर नीचे है, दिल्ली ऊपर!"

"विमानाला काय वर आणि काय खाली?"

आणि मी शाळेत शिकवतो काय? भूगोल!

मोबाइलने नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघेतल्या अंतराचा वेळ सांगितला होता, एवढंच. त्या रेघेवरून विमान उडतं का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. सकाळी जबलपूरच्या डुमना विमानतळावरून ऐटीत उडालो, दिल्लीत उतरलो, तर पुढचं विमान दुपार टळल्यावर!

काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "मॅडम, नागपूर तो पौन घंटे का है ना?"

"सर, किसने कहा?"

काय सांगणार? एका भूगोलाच्या मास्तरने!

तेवढ्यात बंडूचा फोन. "दादा, पोचलो आम्ही, जेवून राहिलो. तुम्ही कुठं?"

"दिल्लीत."

"काहून? लग्न तं नागपुरात आहे ना!"

पुढचं विमानही रखडत सुटलं. कार्यालयात धावत शिरलो तेव्हा खाली अक्षता पडल्या होत्या आणि वर पंखे फिरत होते. माझा फेटा बंडूच्या डोक्यावर होता.

"गुरुजी मुलीच्या मामांना हाका मारत होते," भाची एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात नवऱ्या मुलाचे वडील आले. बंडूने अगदी साळसूद चेहऱ्याने ओळख करून दिली, "हे मुलीचे सख्खे मामा. दिल्लीहून आले."

त्यांनी हात जोडले. "एवढ्या लांबून! मग उशीर होणारच हो. बंडूमामांचं काय, जबलपूर तर इथंच आहे."

"हो ना," मी म्हटलं, "फक्त पाऊण तास."