धुळीआडचे तारे

ॲश्लिन मालवणच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. सायमाचं नाव निघालं की ती विषय बदलायची. दोघी एमएस्सीला एका बाकावर बसलेल्या. पहिली आली ॲश्लिन. पण पपांना अर्धांगवायू झाला आणि ती घरी परतली. तोंडवलीची सायमा मात्र पुण्याला जाऊन खगोलशास्त्रज्ञ झाली.

मे महिन्यात सायमा गावी आली ती थेट ॲश्लिनच्या व्हरांड्यात. ताऱ्यांच्या मधल्या धुळीवर तिचं काम चाललं होतं. एकाच जातीचे तारे घ्यायचे, म्हणजे त्यांचा मूळ रंग ठाऊक असतो. धुळीपलीकडचे तारे इन्फ्रारेडमध्येही मंद आणि जास्त लाल दिसतात. किती मंद, किती लाल ते मोजलं की धुळीचा स्वभाव कळतो.

“काम खूप आसा गो. हात लावशीत?”

“माका वेळ खंय आसा?” असं म्हणूनही ॲश्लिनने आकडे लॅपटॉपवर उतरवून घेतले. काही चुकलेलं सापडलं तर बरंच, हा विचार मनात होताच.

आणि सापडलं. आकाशाच्या एका पट्ट्यात सायमाने धुळीच्या अलीकडचे तारेही धरले होते. त्यांना धूळ लागतच नव्हती, म्हणून लाली कमी भरत होती. ॲश्लिनने पुन्हा तपासलं. त्या दुपारी तिला सुरमईची कढी फार गोड लागली. सांगायचंच नाही. छापून येऊ दे, मग होऊ दे शोभा.

थोड्याच दिवसांत सायमाचा फोन आला, की पेपर आता जर्नलला पाठवतेय. तेव्हा ॲश्लिनच्या लक्षात आलं, आपण गप्प राहिलो तर ही चूक आधी आपल्याला दिसली होती हे कुणालाच कळणार नाही. ते तिला सोसेना. तिने फोनवरच एकेका ताऱ्याचा आकडा सांगत चूक दाखवली, अगदी चवीने, आणि सायमा ओशाळायची वाट पाहिली.

“बरां केलंस गो,” सायमाने सुटकेचा निःश्वास टाकला. “माझा नाक वाचला. आता तुझा नाव पेपरात घालतंय.”

पेपर छापून आला. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. ॲश्लिनचं नाव दुसरं होतं, पण तिची नजर पहिल्या नावावरून हलेना. घरी येऊन तिने पपांना पेज भरवली, मग सायमाला मेसेज केला: “पुढचो पट्टो धाड. यावेळी पयला नाव माझा.”