दार शेवटी

साडू हे नातं ज्याने कुणी काढलं, त्याला घरबसल्या करमणूक हवी असणार. दोन परक्या पुरुषांना एकाच घरातल्या दोन बहिणी द्यायच्या आणि पुढे जन्मभर एकमेकांच्या ताटात किती वाढलं ते मोजत बसवायचं. आमच्याकडे मोजण्याचं हे काम माझ्या धाकट्या साडूंनी स्वखुशीने एकट्याच्या अंगावर घेतलं होतं. मोजायचं साधनही त्यांच्याजवळ कायम असे. कमरेच्या पट्ट्याला मापाचा टेप लटकवल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत, म्हणून सगळे त्यांना टेपराव म्हणत. लग्नाच्या फोटोतसुद्धा कोटाखाली डाव्या बाजूला जो फुगवटा दिसतो, तो टेपचा आहे.

टेपरावांना माझा हेवा वाटे. माझ्यात हेवा करण्यासारखं काय आहे, हे मी आरशात पुष्कळदा शोधलं. पण मला एक तारखेला पगार मिळे, आणि ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. भेटले की पहिलं वाक्य ठरलेलं, "तुमचं बरं आहे हो, साडू." मला सर्दी झाली तरी म्हणत, "तुमचं बरं आहे, रजा तरी मिळते."

मात्र माझ्या वाट्याला येई तो किरकोळ हेवा. ठोक हेवा राखून ठेवलेला होता आमच्या सासरेबुवांसाठी.

सासरेबुवांचा घरं दुरुस्त करून नवी करण्याचा धंदा होता. जुनं स्वयंपाकघर फोडायचं, नवा ओटा, नवी कपाटं बसवायची. बाथरूमची फरशी उखडायची, भिंती टाइल्सने मढवायच्या. एक गाळा, एक टेम्पो, एक सुतार, एक फरशीवाला, एक प्लंबर. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी हे सगळं धाकट्या जावयाच्या हाती दिलं. मलाही विचारलं होतं. पण खिळा ठोकताना मी खिळा सोडून सगळीकडे मारतो हे त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे विचारताना आवाज मुद्दाम बारीक ठेवला होता.

"दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो, जावईबापू," ते टेपरावांना म्हणाले.

"काही नको. माझं मी बघतो," टेपराव म्हणाले.

"बघा बुवा," सासरेबुवा म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

धंदा हातात आला, पण त्याच्याबरोबर सासरेबुवांचं नावही आलं, आणि ते काही हातात येईना. कामगार सासरेबुवांना 'मालक' म्हणत. टेपरावांना 'साहेब'. कानाला बरं वाटलं तरी फरक होताच: मालक आपला असतो, साहेब वरून पाठवलेला असतो. नवं गिऱ्हाईक दार उघडताच टेपरावांच्या खांद्यावरून मागे बघे. "मालक नाही आले?" टेपराव ओटा दाखवत, टाइल्सचे नमुने दाखवत, आणि बाई म्हणत, "छान आहे, पण मालकांना एकदा दाखवून घ्या हं." एका घरी तर सासरेबुवांनी बसवलेल्या जुन्या नळावर मायेने हात फिरवणारे आजोबा त्यांना भेटले. त्या दिवशी टेपराव घरी आले आणि न जेवता झोपले.

पण हेवा करणारा माणूस शोधक असतो. टेपरावांना सासरेबुवांचा एक दोष सापडला. म्हातारबुवा प्रत्येक घरात बाथरूमचं दार विसरत. सगळं काम चकाचक होई, नळाला धार येई, आरसा लागे. दार मात्र गाळ्यातच पडून. मग कधीतरी सावकाश येऊन लावत. एवढंच काय, त्यांच्या स्वतःच्या घरातल्या बाथरूमलाही इतक्या वर्षांत दार लागलं नव्हतं. तिथे फुलाफुलांचा पडदा होता. सासुरवाडीला आंघोळीला गेलं की आम्ही दोघे जावई मोठमोठ्याने गात असू, ते कलेच्या प्रेमापोटी नव्हे.

"विसरभोळा माणूस," टेपराव मला म्हणाले. "आणि लोक डोक्यावर घेऊन नाचतात. आता बघा. मी दार सगळ्यात आधी लावणार."

आणि लावलं. दातांच्या डॉक्टरांकडे भिंतींचं सिमेंट ओलं होतं, तेव्हाच दार उभं राहिलं. सुतार डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, मालक दार शेवटी लावायचे." टेपराव म्हणाले, "म्हणूनच आपण आधी लावायचं." निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे तेच. दोन्हीकडे कौतुक झालं. "मालकांपेक्षा तुमचं काम झटपट!" असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा टेपरावांनी तिथूनच मला फोन लावला आणि ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

कौतुक भरपूर आलं. शेवटचा हप्ता येईना.

डॉक्टर म्हणत, "पुढच्या आठवड्यात बघू." मुख्याध्यापिकाबाई म्हणत, "सगळं नीट तपासून मग देते," आणि एकेक टाइल वही तपासावी तशी तपासत. इकडे प्लायवूडच्या दुकानात रोख मागायला लागले. "मालकांना तर उधार द्यायचात!" "मालकांची गोष्ट वेगळी हो." टेपरावांनी मग तिसऱ्या घरची उचल घेऊन पहिल्या घरचं प्लायवूड भागवलं, आणि तिसऱ्या घरच्या फरशीसाठी चौथं घर शोधू लागले. पांघरूण एकच आणि अंगं चार, असा प्रकार झाला. टेम्पोत डिझेल अगदी गाळ्यापासून गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेल इतकंच. मेहुणीच्या बांगड्या हळूच कुठेतरी गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले.

"तुमचं बरं आहे, साडू."

"किती हवेत?" मी विचारलं.

"पैसे मागायला आलो असं वाटतंय का तुम्हाला?"

"नाही वाटत. किती हवेत?"

त्यांनी घेतले, पण माझ्याकडे असे बघत गेले की जणू मीच त्यांना लुबाडलं. त्या पैशांत फरशीवाला आणि प्लंबर शांत झाले. राहिला सुतार. सुतार गेला तर धंद्यात टेप तेवढा उरणार होता. पलीकडच्या चौकातल्या नव्या फर्निचरवाल्याने त्याला बोलावलं होतं, आणि सुताराने ते लपवलंही नाही. "साहेब, शनिवारी मागचं सगळं मिळालं तर मी इथेच. नाहीतर सोमवारपासून तिकडे. घरी तोंडं आहेत हो."

मेहुणी माझ्यासमोरच म्हणाली, "अहो, बाबांना सांगा ना. ते काय नाही म्हणणार आहेत?"

"तेच तर! नाही म्हणणार नाहीत," टेपराव म्हणाले. "हसून देतील. मग जन्मभर सगळे म्हणतील, मालकांनीच वाचवलं. त्यापेक्षा मी गाळ्याला कुलूप लावून ह्यांच्यासारखी नोकरी करीन." 'ह्यांच्यासारखी' म्हणजे माझ्यासारखी. शेवटचा उपाय म्हणून माझा उल्लेख झाला, हेही नसे थोडके.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. डॉक्टर बाथरूममध्ये अडकले होते. खाली दवाखान्यात पेशंट गाल धरून बसलेले, आणि वर दात उपटणाऱ्या माणसाला दार उपटता येईना. ओल्या भिंतीतलं पाणी पिऊन दार असं फुगलं होतं की चौकटीत रुतून बसलं होतं. टेपराव आणि सुतार धावले. सुताराने खांदा लावला, दार आतल्या बाजूला धाडकन उघडलं, आणि टॉवेलमधले डॉक्टर नव्या टबात बसते झाले.

"हे असं काम?" डॉक्टर टबातूनच ओरडले. "मालक असते तर!"

टेपरावांना दार फुगण्यापेक्षा हे वाक्य जास्त लागलं. मुकाट्याने बिजागऱ्या सोडवून त्यांनी दार टेम्पोत घातलं. परततानाच मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला, त्यांचंही दार घासतंय, जोर लावावा लागतो, आणि या वयात जोर लावणं बरं नाही. तेही दार उतरवलं. दोन दारं गाळ्याच्या भिंतीला टेकवून टेपराव त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. उद्या शनिवार, आणि हाती काय, तर दोन गाभण दारं.

शनिवारी गाळा उघडतोय तोच डॉक्टर हजर.

"दार आज मिळेल का? घरी सासूबाई यायच्या आहेत."

"नाही हो डॉक्टर. अजून वेळ लागेल," टेपराव प्रामाणिकपणे म्हणाले. ओलं दार आधी वाळायला हवं, मगच त्यावर रंधा मारता येतो.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. दाराकडे बघितलं. मग खाकरून म्हणाले, "आलं लक्षात. पण स्पष्ट बोलायचं ना राव! सासूबाईंना पडदा लावू का मी?" आणि खिशातून काढून शेवटचा हप्ता टेबलावर ठेवला. सगळा. टेपरावांनी नोटा दोनदा मोजल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कमी आहेत का?"

दुपारी मुख्याध्यापिकाबाई रिक्षाने आल्या. "दार घेऊन गेलात, पण पैशांचं अवाक्षर काढलं नाहीत. ही सभ्यपणाची रीत मला आवडली," म्हणाल्या आणि पाकीट दिलं. वर एक सल्लाही दिला, 'बाथरूम'मधला 'थ' टेपराव नीट उच्चारत नाहीत म्हणून.

संध्याकाळी सुताराचे मागचे सगळे पैसे चुकते झाले. त्याने ते कपाळाला लावले, पंख्यापुढे दारं जरा वळवून ठेवली आणि म्हणाला, "सोमवारी लवकर येतो, मालक."

टेपरावांनी चटकन मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, सासरेबुवा आले.

रविवारी आम्ही सगळे सासुरवाडीला जमलो होतो. टेपराव आल्या आल्या खुर्चीत ताठ बसले आणि सासरेबुवांना म्हणाले, "मी या धंद्यात एक नवी पद्धत शोधून काढली आहे."

"कोणती?"

"दार शेवटी लावायचं. हप्ता आला, की दार. शिवाय भिंती वाळतात, दार फुगत नाही. तुमच्या काळात हे कुणाला सुचलं नाही."

सासरेबुवा चहा पिऊ लागले. पण सासूबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अहो जावईबापू," त्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा पडदा का आहे असं वाटतं तुम्हाला? हे घर केलं तेव्हा हे मला म्हणाले, शेवटचा हप्ता दे, दार लावतो. मी म्हटलं, आधी दार लावा, मग बघू. तेव्हापासून दोघंही अडून आहोत!"

टेपरावांचा चेहरा फुगलेल्या दारासारखा झाला. "म्हणजे... तुम्ही विसरत नव्हता?"

"बापू, दार लागलं की घर गिऱ्हाइकाचं होतं आणि आपण बाहेरचे होतो," सासरेबुवा म्हणाले. "सांगणार होतो. तुम्ही म्हणालात, माझं मी बघतो."

परत येताना टेपराव माझ्या शेजारी बसून धुमसत होते. "म्हणजे हेसुद्धा त्यांनाच सुचलेलं! काही म्हणून काही शिल्लक ठेवलं नाही माणसानं."

पण ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी टेपरावांना बोलावलं, डब्यातले पैसे मोजून हातात दिले, अगदी आगाऊ, आणि त्यांच्या बाथरूमला दार लागलं. चांगलं वाळलेलं, दुधी रंगाचं, एका बोटाने ढकललं तरी आवाज न करता फिरणारं. सासूबाईंनी शेजारपाजार गोळा केला. "इतकी वर्षं यांना जमलं नाही ते माझ्या जावयानं केलं." बायका ओळीने आत जाऊन कडी लावून बाहेर येत होत्या. सासरेबुवा खुर्चीत बसून म्हणाले, "वरच्या बाजूला एक सूत फट आहे." कुणी लक्ष दिलं नाही. मग ते उठले, टेपरावांच्याच कमरेचा टेप ओढून त्यांनी फट मोजली. फट नव्हती. त्या दिवशी सासरेबुवा जेवले नाहीत, असं ऐकलं.

माझी बायको त्या दारापाशी बराच वेळ उभी होती. कडी लावत होती, काढत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरी स्वयंपाकघरातलं एक कपाट कित्येक महिने लोंबकळत होतं, आणि ते मी बसवलेलं होतं.

तेवढ्यात सासूबाईंनी चहाचा भरलेला कप आधी टेपरावांच्या हातात दिला, मग माझ्या.

"तुमचं बरं आहे हो, साडू," मी म्हणालो.