अकरा मंगळवारांची वही

अकरा मंगळवार मी देवीचं व्रत केलं आणि त्या अकराही आठवड्यांत एका भल्या डॉक्टरांशी खोटं बोलले, तेही वळणदार अक्षरात. बावीस वर्षांची होते. देवीपेक्षा मला देवीच्या अब्रूचीच काळजी जास्त. नातवंडं विचारतात, "आजी, तू इतकी येडी होतीस?" होते ना. आणि सातवी पास येडी होते, म्हणजे जास्त धोक्याची.

बांगलादेशच्या लढाईतून आमचे हे कामठीला परत आले तेव्हा धडधाकट दिसत होते. तोफेचा गोळा जवळ फुटला होता, पण अंगावर ओरखडा नव्हता. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि गल्लीभर सांगितलं, "माहा पोरगा सुखरूप आला." मग हळूहळू एकेक दिसू लागलं. चहाचा कप हातात धरून हे बसून राहत, तो प्यायचा आहे हेच विसरत. ताटली पडली की भिंतीला चिकटत. एकदा तर यांना माझं नाव आठवेना. मी रागावून दोन दिवस अबोला धरला. ज्याला नाव आठवत नाही त्याला अबोला कसा कळणार, एवढीही अक्कल मला नव्हती.

नागपूरच्या मोठ्या इस्पितळात एक डॉक्टर अशाच जवानांचा अभ्यास करत होते. डोक्याला आतून बसलेला मार आणि मनात चालूच राहिलेली लढाई यांचा काय संबंध, ते त्यांना शोधायचं होतं. त्यांनी मला एक वही दिली. "रोज लिहा बाई. झोप, डोकेदुखी, विसरणं, दचकणं. हे स्वतः काही सांगत नाहीत. महिन्याला आणून दाखवा. अडीच महिन्यांनी माझा अहवाल जाईल. उपचार करायचे की पलटणीत परत पाठवायचं, ते त्यावरच ठरेल."

पण त्याच आठवड्यात मी यांच्यासाठी मंगळवार धरले होते, आणि घरात सासूबाईंचा नियम होता. व्रत चालू असताना आजाऱ्याविषयी वाईट शब्द काढायचा नाही. काढला की देवी पाठ फिरवते. जे बोलायचं नाही ते लिहायचं तरी कसं? मी रोज लिहिलं, "तब्येत ठीक." शेजारच्या लग्नात फटाके वाजले आणि हे पलंगाखाली शिरले, त्या दिवशी विचार करून लिहिलं, "भूक ठीक."

शेवटचा मंगळवार आणि अहवालाचा दिवस एकच आला. देवीला पितळी समई बोलले होते, म्हणून इस्पितळाआधी यांना घेऊन इतवारीत भांड्यांच्या गल्लीत शिरले. भांडं पडलं तरी थरथरणाऱ्या माणसाला मी भांड्यांच्याच बाजारात नेलं! आणि तिथे समोरून आलेला भरला हातठेला कलंडला. घागरी, परातींचा असा काही आवाज झाला की यांनी मला ओढून चिखलात पाडलं, माझ्यावर पालथे पडले आणि दोन्ही पंजांनी माझं डोकं झाकलं. माझं नाव विसरले होते, पण मला झाकायचं विसरले नव्हते. हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी दात खात म्हटलं, "उठा, लोक पाहून राहिले!"

"काऊन गा फौजी, दिवसाच चढवली काय?" कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारे पुढे आले आणि धोतरासकट आमच्याजवळ चिखलात बसले. त्यांनी यांना ओढलं नाही. एक लोटा यांच्या हाताशी सरकवला. "भांडं आहे गा, पितळेचं. हात लावून पाह. हे इतवारी आहे. मी बसलो आहो तुह्यापाशी." यांचं बोट लोट्याच्या काठावरून हळूहळू फिरलं. श्वास संथ झाला.

"नेहमीच होते का वं असं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही हो, तब्येत ठीक आहे," मी सवयीने म्हणाले. चिखलात पडल्या पडल्या!

ते हसले. मग म्हणाले, "माह्या भावाचंही सारं ठीकच होतं, माय. आमी कोणालेच सांगतलं नाही. ठीक म्हणता म्हणता गेला तो. तू सांग."

समई घ्यायची राहिली; लोटा मात्र यांच्या हातातच इस्पितळापर्यंत आला. इस्पितळाच्या बाकावर बसून मी प्रत्येक "ठीक" खोडला आणि आठवेल ते खरं लिहिलं. मनात म्हटलं, आई, पाठ फिरवायची तर फिरव, पण आता तुझ्यासाठीही माझ्याच्याने लपवणं होत नाही. डॉक्टरांनी पानं वाचली, चष्मा काढला. "बाई, मी सकाळीच 'कामावर जाण्यास योग्य' लिहून ठेवलं होतं," म्हणाले, आणि तो कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला.

उपचार तीन वर्षं चालले. हे पूर्वीसारखे कधीच झाले नाहीत, पण आमचे राहिले. तो लोटा परत द्यायला मी दोनदा त्या गल्लीत गेले. त्या म्हाताऱ्यांना कोणी ओळखेना आणि लोटाही कुठलाच दुकानदार आपला म्हणेना. नात म्हणते, गावचं कोणी गिऱ्हाईक असेल. असेल बाई. देवी काय गावच्या गिऱ्हाइकाला पाठवू शकत नाही?

देवीपुढे तोंड गोड करून उभं राहणं म्हणजे शरण जाणं, असं मी समजत होते. आता रोज सकाळी त्याच लोट्यात पाणी भरून तिच्यापुढे ठेवते आणि सारं खरं सांगते. गुडघा दुखतो. काल सुनेवर उगाच चिडले. आतल्या खोलीतून यांचा आवाज येतो, "माह्या झोपेचंही सांग वं, दोनदा जाग आली."

तेही सांगते. तिने अजून पाठ फिरवलेली नाही.